विश्लेषण : साखर आटोक्यात, तरी रक्तवाहिन्या धोक्यात? मधुमेहात इन्सुलिनचे ‘दुसरे काम’ का बिघडते?

मधुमेह म्हणजे रक्तातली साखर वाढणे आणि इन्सुलिन म्हणजे ती साखर उतरवणारे इंजेक्शन, एवढीच या आजाराची ओळख बहुतेक घरांत असते. महिन्या-दोन महिन्यांनी उपाशीपोटी साखर तपासायची आणि आकडा बरा आला की निश्चिंत व्हायचे, असा शिरस्ता पडतो. प्रत्यक्षात मधुमेहींना गाठतात ते हृदयविकार, पक्षाघात, निकामी होणारी मूत्रपिंडे, जाणारी दृष्टी आणि पायाची न भरणारी जखम. या सगळ्यांच्या मुळाशी बिघडलेल्या रक्तवाहिन्या असतात. त्या बिघडण्याला वाढलेली साखर जबाबदार आहेच, पण इन्सुलिनचे एक फारसे चर्चेत नसलेले कामही त्यात विस्कळीत झालेले असते. नागपूर आणि विदर्भात या प्रश्नाला उन्हाळा, खर्रा आणि सिकलसेल अशा तीन स्थानिक बाजू आहेत. त्याविषयी…

इन्सुलिनचा रक्तवाहिन्यांशी संबंध काय?

टोरंटोत १९२१ मध्ये फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले आणि पुढच्याच वर्षी ते रुग्णाला दिले गेले. तेव्हापासून इन्सुलिनची ओळख ‘पेशीचे दार उघडणारी किल्ली’ अशी झाली. जेवणानंतर स्वादुपिंड इन्सुलिन सोडते आणि त्याच्या इशाऱ्यावर स्नायू व चरबीच्या पेशी रक्तातली साखर आत घेतात. हे वर्णन बरोबर आहे, पण अपुरे आहे.

साखर आणि इन्सुलिन दोन्हींना स्नायूपर्यंत पोहोचायचे तर आधी रक्तवाहिनीची भिंत ओलांडावी लागते. या भिंतीला आतून पेशींच्या एकाच थराचे अस्तर असते. त्याला एंडोथेलियम म्हणतात. या अस्तरावरही इन्सुलिन ओळखणारे ग्राहक असतात. इन्सुलिन तिथे चिकटले की रक्तवाहिनी सैलावते, स्नायूंतल्या मिटलेल्या केशवाहिन्या उघडतात आणि रक्ताचा पुरवठा वाढतो. म्हणजे दार उघडण्याआधी दारापर्यंतचा रस्ता मोकळा करण्याचे कामही इन्सुलिनच करते.

अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात हेल्मुट स्टाइनबर्ग आणि अ‍ॅलन बॅरन यांनी १९९४ मध्ये हे माणसांवरील प्रयोगांत दाखवले. इन्सुलिन दिल्यावर पायातला रक्तप्रवाह वाढत होता. नायट्रिक ऑक्साइड नावाच्या वायूची निर्मिती औषधाने रोखली, की ही वाढ नाहीशी होत होती.

हा वायू रक्तवाहिनीत नेमके काय करतो?

छातीत दुखू लागल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी अनेक घरांत असते. ती शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार करूनच काम करते. मात्र हा वायू आपले शरीर स्वतःच बनवते, हे बराच काळ कोणाला ठाऊक नव्हते.

अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग केले. एकच रसायन दिल्यावर काही पट्ट्या सैलावत होत्या आणि काही आकसत होत्या. फरक एवढाच होता, की आकसणाऱ्या पट्ट्यांचे आतले अस्तर हाताळताना घासले गेले होते. म्हणजे सैलावण्याचा निरोप या अस्तरातून येत होता. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे त्याच दशकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाले. या संशोधनासाठी फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

हा वायू काही सेकंदच टिकतो. तेवढ्या वेळात तो भिंतीतल्या स्नायूंना सैल करतो, प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही आणि पांढऱ्या पेशींना अस्तरावर बसू देत नाही. त्यामुळे गुठळी होणे आणि चरबीचा थर साचणे या दोन्हींना आळा बसतो.

रक्तवाहिनी किंचित रुंद किंवा अरुंद झाल्याने काय मोठा फरक पडतो, असे वाटू शकते. पण नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. बाकी सर्व तसेच राहून त्रिज्या १० टक्क्यांनी घटली, तर प्रवाह सुमारे ३४ टक्क्यांनी घटतो. रक्त पाण्याइतके सरळ वागत नाही, तरी हा हिशेब अंदाज येण्यास पुरेसा आहे.

एकाच इन्सुलिनचे दोन निरोप कसे?

अस्तराच्या पेशीला चिकटलेले इन्सुलिन आत दोन वेगळ्या मार्गांनी निरोप पाठवते. शास्त्रीय भाषेत पहिल्या मार्गाला ‘पीआय-३ कायनेज’ मार्ग म्हणतात. त्यातून नायट्रिक ऑक्साइड बनवणारे विकर जागे होते आणि रक्तवाहिनी रुंदावते. दुसरा ‘मॅप कायनेज’ मार्ग. त्यातून एंडोथेलिन-१ हे द्रव्य तयार होते. जपानमधील संशोधकांनी १९८८ मध्ये शोधलेले हे द्रव्य रक्तवाहिनी आकसवते. हाच मार्ग भिंतीतल्या स्नायुपेशींच्या वाढीलाही चालना देतो.

दोन्ही मार्ग निरोगी शरीरातही सुरू असतात. पाणी सोडायचे तर झडप उघडताही आली पाहिजे आणि बंदही करता आली पाहिजे, तसेच हे. निरोगी माणसात पारडे पहिल्या मार्गाकडे झुकलेले असते, म्हणून जेवणानंतर इन्सुलिन वाढले की एकूण परिणाम रक्तप्रवाह वाढण्याचाच होतो.

मधुमेहात नेमके काय बिघडते?

प्रकार-२ मधुमेहाची सुरुवात इन्सुलिन प्रतिरोधाने होते. पोटावरची चरबी, रक्तात वाढलेली मेदाम्ले, शरीरात सतत धुमसणारा सौम्य दाह अशा कारणांनी पेशी इन्सुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाहीत. मात्र हा प्रतिरोध सगळीकडे सारखा नसतो. पहिला, म्हणजे रक्तवाहिनी रुंदावणारा मार्ग मंदावतो. दुसरा, आकसवणारा मार्ग बऱ्यापैकी शाबूत राहतो. अमेरिकेतील जॉस्लिन डायबिटिस सेंटरमधील जॉर्ज किंग यांच्या गटाने १९९९ मध्ये लठ्ठ उंदरांच्या रक्तवाहिन्यांत हा निवडक प्रतिरोध दाखवला होता.

पुढचा टप्पा अधिक अडचणीचा आहे. साखर हटत नाही असे दिसल्यावर स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडते. बहिऱ्या झालेल्या पहिल्या मार्गावर या जादा इन्सुलिनचा फारसा परिणाम होत नाही, पण दुसऱ्या मार्गाला तोच निरोप अधिक जोरात पोहोचतो. साखर सांभाळण्यासाठी शरीर जी धडपड करते, तिचा भार असा रक्तवाहिन्यांवर पडतो. शिवाय केशवाहिन्या नीट न उघडल्याने स्नायूंपर्यंत साखर व इन्सुलिन कमी पोहोचते आणि साखर आणखी वाढते. म्हणजे रक्तवाहिनीचा बिघाड हा मधुमेहाचा परिणाम आहे, तसा तो मधुमेहाला हातभार लावणारा घटकही आहे.

या काळात उपाशीपोटी साखर अनेक वर्षे ‘नॉर्मल’ किंवा सीमारेषेवर दिसू शकते. म्हणूनच मधुमेहाचे निदान होण्याच्या दिवशीच काही रुग्णांत दृष्टिपटल, मूत्रपिंड किंवा हृदयावर परिणाम झालेला आढळतो.

प्रकार-१ मधुमेहाची गोष्ट वेगळी आहे. त्यात स्वादुपिंड इन्सुलिन बनवतच नाही. त्यामुळे बाहेरून इन्सुलिन घेणे ही जगण्याची अट असते आणि रक्तवाहिन्यांना मुख्य धोका दीर्घकाळ चढ्या राहिलेल्या साखरेचा असतो.

वाढलेली साखर त्यात काय भर घालते?

स्नायूच्या पेशी इन्सुलिनच्या इशाऱ्याशिवाय फारशी साखर आत घेत नाहीत. रक्तवाहिनीच्या अस्तराला ती सोय नाही. रक्तात साखर वाढली की ती या पेशींत शिरतेच. जादा साखर जाळताना पेशीत ‘सुपरऑक्साइड’सारखी आक्रमक रसायने तयार होतात आणि ती नायट्रिक ऑक्साइडला गाठून निष्प्रभ करतात. म्हणजे आधीच कमी बनणारा वायू वापरण्याआधीच संपतो. दुसरीकडे साखर प्रथिनांना चिकटून बसते आणि रक्तवाहिन्यांची भिंत ताठर होत जाते.

याचा फटका दोन पातळ्यांवर बसतो. बारीक वाहिन्यांत बिघाड झाला की डोळ्यांचे दृष्टिपटल, मूत्रपिंडे आणि नसा सापडतात. मोठ्या वाहिन्यांत झाला की हृदय, मेंदू आणि पाय. पायाच्या जखमेत तर दोन्ही एकत्र येतात. नसा बधिर झाल्याने टोचलेले कळत नाही आणि रक्तपुरवठा कमी असल्याने जखम भरत नाही. पुरुषांमधील लैंगिक ताठरतेची तक्रारही अनेकदा याच अस्तराच्या बिघाडाची लवकर मिळणारी सूचना असते. संकोचामुळे ती डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही, एवढेच.

भारतीयांमध्ये हा धोका लवकर का दिसतो?

‘आयसीएमआर-इंडियाब’ या देशव्यापी अभ्यासाचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात, की भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. याच अभ्यासात उच्च रक्तदाबाचे प्रमाण ३५.५ टक्के, तर पोटाच्या लठ्ठपणाचे ३९.५ टक्के आढळले. याच मालिकेतील २०११ च्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश होता. तेव्हा राज्यातील मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के नोंदवले गेले होते.

वजन बेताचे असूनही मधुमेह का होतो, याचे उत्तर शोधण्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाचा मोठा वाटा आहे. ‘द लॅन्सेट’मध्ये २००४ साली त्यांचे आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र छापून आले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३ होता. मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. दिसायला सडपातळ पण आतून चरबीदार, अशा या ठेवणीला ‘थिन-फॅट’ म्हटले जाते.

याज्ञिक यांच्या गटाने २००२ मध्ये पुण्यातील आणि लंडनमधील नवजात बाळांची तुलना केली. पुण्याची बाळे वजनाने लहान होती, तरी त्यांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिन तुलनेने जास्त आढळले. जास्त इन्सुलिनचा रक्तवाहिन्यांवरचा परिणाम पाहता ही नोंद महत्त्वाची ठरते. ‘मी कुठे जाड आहे’ हा दिलासा आपल्याकडे फारसा कामाचा नाही. वजनकाट्याइतकेच कमरेचे मापही पाहावे लागते.

मग इन्सुलिनचे इंजेक्शन रक्तवाहिन्यांना घातक आहे का?

जादा इन्सुलिन आकसण्याचा मार्ग चालवते, तर इंजेक्शन कशाला घ्यायचे, असा प्रश्न कोणालाही पडेल. ‘एकदा इन्सुलिन सुरू झाले की शेवटची पायरी’ या समजुतीला त्यातून बळही मिळू शकते. पण प्रयोगशाळेतली यंत्रणा आणि रुग्णांवरचा प्रत्यक्ष परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा प्रश्न थेट तपासणारी ‘ओरिजिन’ ही मोठी चाचणी २०१२ मध्ये पूर्ण झाली. हृदयविकाराचा धोका असलेल्या १२ हजार ५३७ जणांचा सहा वर्षांहून अधिक काळ मागोवा घेण्यात आला. त्यातील निम्म्यांना दीर्घकाळ काम करणारे ग्लार्जिन इन्सुलिन दिले होते. हृदयविकार व पक्षाघाताचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे राहिले. इन्सुलिनने रक्तवाहिन्यांचे नुकसान वाढले नाही, तसा जादा फायदाही झाला नाही.

ब्रिटनमधील ‘यूकेपीडीएस’ या २० वर्षे चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. इन्सुलिन किंवा गोळ्यांनी साखर काटेकोर ठेवलेल्या गटात बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती २५ टक्क्यांनी कमी होत्या. आणखी दहा वर्षांनी पाहणी केली, तेव्हा या गटात हृदयविकाराचे झटकेही कमी आढळले. सुरुवातीच्या वर्षांत सांभाळलेल्या साखरेचा लाभ पुढे बराच काळ मिळतो, असा त्याचा अर्थ.

थोडक्यात, स्वादुपिंड थकल्यावर इन्सुलिन टाळणे हा रक्तवाहिन्या वाचवण्याचा मार्ग नाही. इन्सुलिनमुळे वजन वाढणे आणि साखर एकदम घसरणे हे दोन त्रास खरे आहेत. ते मात्रा, वेळ आणि आहार बसवून आवरता येतात.

साखर जितकी कमी तितके चांगले, असे आहे का?

नाही. अमेरिका व कॅनडातील ‘अ‍ॅकॉर्ड’ चाचणीत १० हजारांहून अधिक रुग्ण होते. एका गटाची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ६ टक्क्यांच्या खाली नेण्याचा आक्रमक प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू २२ टक्क्यांनी जास्त आढळल्याने २००८ मध्ये हा उपचार वेळेआधी थांबवावा लागला. आज बहुतेक प्रौढांसाठी ७ टक्क्यांच्या आसपासचे, तर वयस्कर आणि हृदयरुग्णांसाठी काहीसे शिथिल लक्ष्य ठेवले जाते.

दुसरीकडे रक्तदाबाचा परिणाम ठळक आहे. ‘यूकेपीडीएस’मध्येच रक्तदाब काटेकोर ठेवलेल्या मधुमेहींत पक्षाघात ४४ टक्क्यांनी आणि मधुमेहाशी संबंधित मृत्यू ३२ टक्क्यांनी घटले. ताठर, आकसलेल्या वाहिनीवर दाबाचा मारा कमी झाला की फायदा दिसतोच.

तिसरा धडा नव्या औषधांचा. एम्पाग्लिफ्लोझिनच्या २०१५ मधील चाचणीत ७ हजारांहून अधिक मधुमेही हृदयरुग्ण होते. औषध घेतलेल्या गटात हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले. साखरेतली घट मात्र माफकच होती. म्हणजे लाभ केवळ साखर उतरल्याचा नव्हता. या औषधाचे भारतातील पेटंट मार्च २०२५ मध्ये संपले आणि अनेक देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. ती प्रत्येकाला चालतेच असे नाही. मूत्रपिंडाची स्थिती आणि जंतुसंसर्गाचा धोका पाहूनच डॉक्टर ती देतात.

नागपूरच्या उन्हाळ्याचा यात काय संबंध?

उन्हात शरीर थंड ठेवण्याचे दोन मार्ग आहेत. घाम येणे आणि त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावून आतली उष्णता बाहेर टाकणे. त्वचेतल्या वाहिन्या रुंदावण्यात नायट्रिक ऑक्साइडचा वाटा असतो. मधुमेहात तोच कमी पडतो आणि नसांवर परिणाम झाल्याने घामही कमी येऊ शकतो. पारा ४५ अंशांपुढे गेल्यावर दोन्ही मार्ग अपुरे पडतात. त्यामुळे उष्माघाताचा धोका मधुमेहींना, विशेषतः वयस्करांना, अधिक असतो.

उन्हाळ्यात आणखी तीन गोष्टी घडतात. पाणी कमी पडले की रक्तातली साखर वाढते. उष्णतेने त्वचेतला रक्तप्रवाह वाढून टोचलेले इन्सुलिन नेहमीपेक्षा लवकर शोषले जाऊ शकते आणि साखर अचानक घसरू शकते. घाम, चक्कर, हातापायांना कंप ही लक्षणे ‘ऊन लागले’ म्हणून सोडून दिली जातात. अशा वेळी साखर तपासणे श्रेयस्कर. तिसरी बाब पायांची. बधिर तळव्याला तापलेली फरशी किंवा डांबर जाणवत नाही आणि भाजल्याचे फोड आल्यावरच कळते.

इन्सुलिन स्वतःही उष्णतेने निकामी होते. न उघडलेली कुपी फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची असते. वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे घरातल्या तापमानात चालते, पण ते तापमान २५ ते ३० अंशांपर्यंतच हवे. मे महिन्यात नागपूरच्या घरांत ते शक्य नसते. फ्रिज नसेल किंवा वीज वारंवार जात असेल, तिथे माठाचा पर्याय सांगितला जातो. कोरड्या हवेत पाणी वेगाने उडते आणि भांडे थंड राहते. कूलर चालतो तेच हे तत्त्व. पावसाळ्यातल्या दमट हवेत मात्र त्याचा उपयोग घटतो. गाडीच्या डिकीत ठेवलेले किंवा गोठलेले इन्सुलिन वापरू नये.

विदर्भात एचबीए१सीचा आकडा फसवा का ठरू शकतो?

एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचे मोजमाप. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, हे त्यात गृहीत धरलेले असते. सिकलसेल आजारात ती अवघे १० ते २० दिवस टिकते. साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो.

पूर्व विदर्भ हा सिकलसेलचा पट्टा आहे. मध्य भारतातील सिकलसेलबाबतचा निबंध १९५८ मध्येच ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला होता. केंद्राने १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू केली. आजार नसलेल्या, पण सिकलसेलचे वाहक असलेल्या लोकांतही हा प्रश्न काही प्रमाणात येतो. ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आफ्रिकन-अमेरिकन लोकांवरील अभ्यासात, साखर सारखीच असूनही वाहकांचा एचबीए१सी सुमारे ०.३ टक्केबिंदूंनी कमी दिसला.

सीमारेषेवरच्या रुग्णासाठी एवढा फरक ‘मधुमेह आहे’ आणि ‘नाही’ यांच्यातला असू शकतो. आकडा चांगला म्हणून उपचार लांबतात आणि रक्तवाहिन्यांचे नुकसान सुरूच राहते. म्हणून सिकलसेलचा आजार, वाहकपणा किंवा मोठा रक्तक्षय असेल, तर तो डॉक्टरांना आणि प्रयोगशाळेला सांगणे आवश्यक आहे. अशा वेळी उपाशीपोटी व जेवणानंतरची साखर, गरजेनुसार फ्रुक्टोसामिन चाचणी यांवर भर दिला जातो.

खर्रा आणि चालणे यांचा रक्तवाहिन्यांवर काय परिणाम होतो?

खर्ऱ्यात धूर नसल्याने तो हृदयाला निरुपद्रवी, असा समज आहे. निकोटिन मात्र तोंडातूनही रक्तात जाते, रक्तवाहिन्या आकसवते आणि नाडी व रक्तदाब वाढवते. आधीच आकसण्याकडे झुकलेल्या वाहिनीवर हा दुसरा दाब. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे आढळले होते. मधुमेहींच्या सल्ल्यात गोड बंद करण्यावर जितका भर असतो, तितका खर्रा सोडवण्यावर दिसत नाही.

चालण्याचा परिणाम नेमका उलट असतो. रक्त वेगाने वाहू लागले की त्याच्या घर्षणानेच अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडते. या मार्गाला इन्सुलिनची गरज नसते. काम करणारा स्नायूही इन्सुलिनच्या इशाऱ्याविना साखर ओढून घेतो. म्हणजे जी दोन कामे इन्सुलिन प्रतिरोधाने अडतात, ती दोन्ही चालण्याने दुसऱ्या वाटेने होतात. आठवड्याला १५० मिनिटे जलद चालणे हे सर्वमान्य प्रमाण आहे. जेवणानंतरची १० ते १५ मिनिटेही उपयोगी पडतात. उन्हाळ्यात मात्र ऊन चढण्याआधी किंवा संध्याकाळी उशिरा चालावे. पायाला जखम असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

रक्तवाहिन्यांची स्थिती कळण्यासाठी कोणत्या तपासण्या हव्यात?

अस्तराचे काम थेट मोजणाऱ्या चाचण्या आहेत, पण त्या संशोधनापुरत्या. रोजच्या व्यवहारात पाच साध्या तपासण्या पुरतात. प्रत्येक भेटीत रक्तदाब. वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिनचे प्रमाण, कारण मूत्रपिंडातील बारीक वाहिन्या गळू लागल्या की हे प्रथिन लघवीत उतरते. वर्षातून एकदा बाहुल्या मोठ्या करून दृष्टिपटलाची तपासणी. वर्षातून एकदा तळपायाची संवेदना आणि नाडी. आणि रक्तातील कोलेस्टेरॉल. प्रकार-२ मधुमेहात या तपासण्या निदान झाल्या दिवसापासून सुरू व्हायला हव्यात.

सरकारी पातळीवर ३० वर्षांवरील सर्वांची मधुमेह व रक्तदाबाची चाचणी करण्याचा कार्यक्रम आयुष्मान आरोग्य मंदिरांतून चालतो. केंद्राने मे २०२३ मध्ये या दोन आजारांच्या साडेसात कोटी रुग्णांना २०२५ पर्यंत प्रमाणित उपचारांखाली आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते. त्याआधी, २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील पहिल्या जिल्ह्यांत भंडारा व वर्धा हे विदर्भातील दोन जिल्हे होते. ठरलेल्या मोजक्या औषधांचा क्रम, औषधांचा अखंड पुरवठा आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, ही त्याची पद्धत.

साखर आणि रक्तदाब मोजण्याची व्यवस्था यातून गावपातळीपर्यंत पोहोचू शकते. डोळे, पाय आणि लघवीतील अल्ब्युमिन यांची तपासणी मात्र त्याच भेटीत होण्यावर पुढचे बरेच काही अवलंबून आहे. रुग्णाच्या हातात तोवर एक गोष्ट आहे. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना साखरेच्या अहवालासोबत रक्तदाबाची नोंद न्यावी, सिकलसेलची माहिती द्यावी आणि न विचारता चपला काढून तळपाय दाखवावेत. इन्सुलिन किंवा कोणतेही औषध मात्र स्वतःहून कमी-जास्त करू नये, बंद तर मुळीच करू नये.